बुडवायचा नवरा

मैनेचा पहिला नवरा गंगेत पडला, तेव्हा त्याला वाचवायला बोटीतल्या एकाच माणसानं उडी घेतली. बाकीचे सगळे तो बुडायची वाट बघत होते. वडील, आत्या, गुरुजी… आणि खुद्द मैनासुद्धा.

कुणाचा जीव टांगणीला लागू नये म्हणून लगेच सांगायला हवं, की नवरा मातीचा होता.

चांदवडच्या खंडेराव पाटलांची मैना ही एकुलती एक लेक. तिच्या पत्रिकेत मंगळ असा काही ठाण मांडून बसला होता, की हिच्याशी पहिलं लग्न करील तो वर्षाच्या आत जाणार, असं ज्योतिषानं ती तेरा वर्षांची असतानाच सांगून ठेवलं होतं. तोडगाही त्यानंच सांगितला. पहिलं लग्न अशाशी लावायचं, की ज्याच्या जाण्यानं कुणाचं काही अडत नाही. शास्त्रानं त्या कामी मडकं नेमलेलं आहे. मडक्याशी लग्न लावायचं, मडकं पाण्यात सोडायचं, मुलगी मोकळी. ह्याला कुंभविवाह म्हणतात. येवल्याकडच्या पुंजारावांचं स्थळ ठरलं तेव्हा त्यांच्या घरच्यांनी हुंड्याबद्दल घासाघीस केली नाही, अट एकच घातली : आधी मडकं, मग आमचा मुलगा. बरोबरच आहे. मुलाची काळजी आईबापांना असते. मडक्याचे आईबाप कुंभारवाड्यात, त्यांना कोण विचारतो?

तर घरचं तुळशीचं लग्न उरकलं आणि पंचवटीतल्या धर्मशाळेच्या ओसरीवर हे लग्न लागलं. मैनेभोवती आणि मडक्याभोवती मिळून एकच पांढरं सूत गुंडाळलं. मडक्याला इवलंसं उपरणं, कपाळाच्या जागी कुंकू, तोंडावर नारळ. मैनेनं मंगलाष्टकं चालू असताना त्याच्याकडे चोरून एकदा पाहिलं. आजवर तिला बघायला आलेल्या सगळ्यांपेक्षा हा बरा वाटला. ह्यानं चालून दाखव म्हटलं नव्हतं.

नाशकात गोदावरीलाच गंगा म्हणतात, पण तिच्या रामकुंडात मडकं सोडण्याची सोय नव्हती. तिथं काहीही टाका, डुंबणारी मंडळी ते तळाला टेकायच्या आत वर काढतात. नवऱ्यानं तर कायमचं जायला हवं होतं. म्हणून हबीबशेठची बोट ठरवली.

हबीबशेठचे स्टेशनावर टांगे होते. नाशकातली ट्राम बंद पडली तेव्हा आता टांग्यांना दिवस येणार म्हणून त्यांनी पेढे वाटले, आणि पेढे संपायच्या आत मोटारी आल्या. जमिनीवर कुणीतरी आपल्या पुढं जाणारच, हे ओळखून ते पाण्याकडे वळले. कल्याणच्या खाडीत म्हातारी झालेली एक होडी बैलगाडीवर घालून त्यांनी घाट चढवून आणली, तिच्यावर छत घातलं, आत बाकं ठोकली आणि नारोशंकराच्या देवळाच्या पायऱ्यांपासून तपोवनापर्यंत यात्रेकरूंसाठी जलविहार सुरू केला. होडीच्या पंचवटीकडच्या अंगाला ‘गोदामाई’ असं नाव रंगवलं होतं आणि दुसऱ्या अंगाला उर्दूत ‘हुस्नबानो’. हे शेठच्या बायकोचं नाव, आणि ते पंचवटीकडच्या अंगाला नाही म्हणून त्या रुसलेल्या. येताना होडी उलटी फिरायची आणि नावांची अदलाबदल व्हायची, पण तोवर उतारूंची करमणूक होऊन गेलेली असे आणि हुस्नबानोंचा रागही निवलेला असे.

होडी चालवणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच होता. नाव लहानू. उंची छताला डोकं आपटेल एवढी. गंगेकाठच्या भोयांचा मुलगा, बाप-आजे ह्याच पाण्यावर जगलेले. शेठचे त्याला दोन हुकूम होते. पहिला, वाटेत एकही जागा इतिहासाशिवाय जाता कामा नये. तो लहानू मनापासून पाळी. “ह्या खडकावर लक्ष्मण बसत. त्या पलीकडच्या खडकावर बी लक्ष्मणच. लक्ष्मण लय बसायचे.” कार्तिकात पाणी उतरलं की होडीचा तळ खडकाला टेके, मग तो कमरेइतक्या पाण्यात उतरून होडी ढकली आणि ढकलता ढकलता इतिहास सांगे. शेठचा दुसरा हुकूम असा, की उतारूची वस्तू पाण्यात पडली तर ती वर काढून त्याच्या हातात द्यायची. छत्र्या, चष्मे, एकदा एका मामलेदाराची कवळी, असं बरंच काही लहानूनं वर काढलेलं होतं. ह्या दुसऱ्या हुकमानं घात केला.

तपोवनाच्या अलीकडच्या डोहाशी गुरुजींनी खूण केली. मैनेनं मडकं काठाबाहेर धरलं आणि सोडलं. लहानू पाठमोरा वल्ह्याशी होता. कसले विधी चालले आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. होडीवाल्याला कोण सांगतं? त्यानं आवाज ऐकला, वळून पाहिलं, तर एका मुलीचे दोन रिकामे हात आणि त्या हातांकडे बघणारे दोन भरलेले डोळे… त्यानं पागोटं बाकावर टाकलं आणि गेला.

वर आला तो एका हातात मडकं, दुसऱ्यात नारळ घेऊन. केसांतून पाणी निथळत होतं. चेहऱ्यावर धन्यता.

“तुमची वस्तू पडली व्हती,” तो म्हणाला.

“पडली नव्हती,” मैना म्हणाली. “सोडली व्हती.”

त्यानं एकदा मडक्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “मग… धरायची का परत?”

इथं मैनेनं हात मागं घेतले असते तर सगळं निभावलं असतं. पण कार्तिकातल्या थंडीत कुडकुडणारा माणूस एवढ्या कौतुकानं काही पुढं करतो, तेव्हा आपले हात आपल्याला विचारत नाहीत. तिनं मडकं घेतलं. घेताना त्याची बोटं लागली… गार, सुरकुतलेली. तिला वाटलं, आजवर मला काही देताना कुणी एवढं भिजलं नाही.

गुरुजींनी कपाळावर हात मारला. गेलेला नवरा परत आला होता आणि मुलीनं तो चार माणसांदेखत पदरात घेतला होता. आता ती रीतसर सवाष्ण. नवरा पुन्हा बुडवायचा तर पुढचा मुहूर्त वद्य पक्षातला, आणि तोवर त्याला सोडून तिनं कुठं जायचं नाही, त्याला नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवायचं नाही. खंडेरावांनी लहानूकडे पाहिलं. कांद्याचा भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याकडे बघतात, तसं.

अशा रीतीनं चांदवडच्या पाटलांचा मुक्काम नाशकात पडला.

मैनेच्या सोबतीला आत्या होती, झुंबरबाई. लहानपणीच कपाळ पांढरं झाल्यापासून ती भावाकडेच राहत होती. तिचे गुडघे धरलेले. देवळांच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, आणि नाशकात देव म्हटला की पायऱ्या आल्याच. बोटीत मात्र बसल्या जागेवरून सगळी देवळं दिसतात. तेव्हा झुंबरबाईंनी रोज बोटीतून देवदर्शन करायचं ठरवलं. मैनेला एकटीला धर्मशाळेत ठेवता येईना आणि मैनेला नवऱ्याला एकट्याला ठेवता येईना. म्हणून रोज सकाळी बोटीत तिघं बसत. आत्या, भाची आणि मडकं.

“काल सीतामाईंनी केस वाळवले तो खडक अलीकडं व्हता,” दुसऱ्याच दिवशी मैना म्हणाली.

लहानूनं वल्हं थांबवलं. “पाणी उतरलं की खडक सरकतात.”

“आणि सीतामाई?”

“त्या सरकत नाहीत. तुमच्यासारख्या आहेत. एका जागी बसून लोकांच्या चुका मोजतात.”

मैना हसली. मग आपण हसलो हे ध्यानात येऊन तिनं पदर तोंडाला लावला. झुंबरबाईंचा डोळा लागला होता. बोट हलली की त्यांना झोप लागे आणि त्या घोरू लागत. मात्र लहानू काही मोलाचं बोलू लागला की घोरणं बरोबर थांबे.

तो रोज विचारी, “दाजी बरे आहेत का?” आणि मडक्याला हात जोडी. तिसऱ्या दिवशी मैना हळूच म्हणाली, “तुम्ही ह्यांना दाजी म्हणता. म्हंजे मी तुमची बहीण झाले.” तपोवनाहून परतताना लहानूनं विचारलं, “पाव्हणे बरे आहेत का?” आणि पुन्हा कधी त्याच्या तोंडून दाजी हा शब्द निघाला नाही.

एकदा होडी खडकाला टेकून हिसका बसला आणि मडक्याच्या तोंडावरचा नारळ गडगडत बाकाखाली गेला. नवऱ्याचं मस्तक असं गडगडलेलं बघून झुंबरबाई घाबरल्या. त्याच दुपारी त्यांनी मडक्यातलं पाणी ओतून ते हलकं केलं आणि कणकेचा जाड लेप देऊन नारळ तोंडावर पक्का बसवून टाकला. आता तो कितीही हिसके बसले तरी हलणार नव्हता. झुंबरबाईंनी जन्मात जे काही केलं ते पक्कं केलं, आणि ते नेहमी चुकीच्याच जागी.

मैनेला हे दिवस फार वेगळे वाटत होते. तेराव्या वर्षापासून घरात तिला सगळे जपून वागवत. घरात भरलेली बंदूक असली की जपतात, तसं. मामेभाऊ तिच्याशी थट्टा करत नसत. बघायला येणारे चहा अर्धा टाकून उठत. ती आरशात बघायची आणि तिला वाटायचं, ह्या तोंडानं एक माणूस मरणार आहे… फक्त तो कोण एवढंच ठरायचं आहे. आणि हा एक माणूस रोज समोर बसून तिला खोटे खडक दाखवत होता.

“माझी भीती नाय वाटत?” तिनं एकदा विचारलं.

“तुमची?” लहानू म्हणाला. “तुमच्यानं मडकं बुडलं नाय.”

त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी झुंबरबाईंनी गंगेत दिवे सोडायचा हट्ट धरला. खंडेराव गुरुजींकडे गेले होते. दोन्ही काठ दिव्यांनी भरले होते. द्रोणातले दिवे हेलकावत खाली जात होते, नारोशंकराच्या भिंतीवर पाण्याचा उजेड थरथरत होता. हवेत तेलाचा आणि झेंडूचा वास. आत्यांनी तीन दिवे सोडले, एक पेंग घेतली, आणि घोरणं सुरू झालं.

मैनेनं द्रोण पाण्यात ठेवला. तो जाईना. होडीलाच चिकटून राहिला. लहानूनं हात घालून पाणी ढकललं, तेव्हा त्याचं मनगट तिच्या मनगटाला लागलं, आणि दोघांपैकी कुणी ते काढलं नाही. द्रोण निघून गेला तरी पाणी ढकलायचं काम चालूच राहिलं.

“लवकरच परत सोडायचाय ह्याला,” मैना मडक्याकडे बघत म्हणाली.

“परत पडला तर परत काढीन.”

“किती वेळा?”

“गंगेला पाणी आहे तोवर.”

“वैशाखात गंगा आटते.”

“मग चालत जाऊन आणीन.”

आत्यांचं घोरणं थांबलं होतं. मैनेनं आवाज आणखी खाली आणला. नवरा दुसऱ्यांदा परत आला, तर येवल्याचे लोक स्थळ मोडतील, मग चांदवडपासून मालेगावपर्यंत तिला कुणी दारात उभं करणार नाही, हे तिनं त्याला सांगितलं. जन्मभर मडक्याची बायको म्हणून बसावं लागेल. कोण नांदवील तिला?

लहानूला सगळं ठाऊक होतं. ती पाटलाची, हा भोई. खंडेरावांनी नुसतं ऐकलं तरी विळा काढतील. पण ज्या मुलीला कुणीच नेईना, तिच्या बापाचा विळा किती दिवस धारदार राहतो? लहानूचा सगळा हिशेब त्या विळ्याच्या गंजण्यावर होता.

“ज्यानं मडकं दोनदा आणलं, तो,” तो म्हणाला.

मैनेनं मडक्याचं उपरणं नीट केलं. उतरताना मात्र ती थांबली.

“पळून जायचं म्हटलं तर…”

“ही बोट तपोवनापलीकडं जात नाय,” लहानू फार दुःखानं म्हणाला. “उडीच मारावी लागंल.”

पुढचे दिवस मैना मुहूर्ताची वाट बघत होती. नवरी लग्नाची बघते तशी. नवऱ्याला नैवेद्य दाखवताना ती मनात म्हणे, एवढं एक कर बाबा… बुड, आणि ये.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी गुरुजी जेवायला आले. पुरणपोळ्या झाल्या, सुपारी झाली, आणि समाधानानं माणूस जे बोलतो ते ते बोलू लागले. मैना दाराआड होती. गुरुजी खंडेरावांना समजावत होते, की उद्या होडीवाल्याला ताकीद द्या. कुंभावरचा मृत्युयोग एकदा पाण्यात सोडला की सोडला; तो ज्यानं वर काढला त्याच्या अंगाला लागलेला आहे, पायाला चिखल लागावा तसा. उद्या कुंभ बुडाला की तोही धुऊन निघेल. पण पुन्हा हात घालून काढला, किंवा त्या मुलीशी काही संबंध जोडला, तर मग तो योग त्याचाच.

“म्हंजे काय होईल?” दाराआडून आवाज आला. पाटलांच्या घरात मुली असं मध्ये बोलत नसत, पण गुरुजींचं पोट भरलेलं होतं.

“होईल काय? वर्षाच्या आत जाईल,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी सुपारीचा दुसरा तुकडा तोंडात टाकला.

मैना तिथंच खाली बसली. चुलीवर पाणी उकळून उकळून आटलं तरी तिला कळलं नाही. तेराव्या वर्षापासून ज्याचं तोंड दिसत नव्हतं तो माणूस आता तिला स्पष्ट दिसत होता. केसांतून पाणी निथळणारा, एका हातात मडकं, दुसऱ्यात नारळ.

दिवस मावळताना ती धुण्याची बादली घेऊन घाटावर गेली. लहानू होडी बांधत होता. तिला बघून तो हसला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून हसू तसंच ठेवायचं की काढायचं हे त्याला ठरवता येईना.

“उद्या उडी मारायची नाय,” मैना म्हणाली.

“का?”

तिला वाटलं, सांगावं. पण खरं सांगितलं तर हा माणूस हमखास उडी मारील. आठवडाभरात तिला त्याची तेवढी ओळख झाली होती.

“येवल्याचं स्थळ मला पसंत हाय,” ती म्हणाली. “मोठं घर हाय. शंभर बिघे जमीन. मी काय जन्मभर होडीत बसू?”

लहानूनं दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

“त्रिपुरीला जे बोललो…”

“थट्टा व्हती. वेळ जात नव्हता.” तिनं बादली ह्या हातातून त्या हातात घेतली. “शपथ घ्या. उडी मारणार नाय म्हणून.”

“कुणाची घेऊ?”

“माझी.”

त्यानं घेतली. तिची शपथ घेताना त्याचा आवाज एवढा बारीक झाला, की त्या उंचीच्या माणसाला तो शोभत नव्हता. मैना धुणं न धुताच परत गेली. झुंबरबाईंनी कोरडी बादली पाहिली, भाचीचा चेहरा पाहिला, आणि काही न विचारता धुणं स्वतः नळावर नेलं, धरलेल्या गुडघ्यांनी.

दुसऱ्या दिवशी गंगेवर धुकं होतं. बोटीत खंडेराव, गुरुजी, आत्या, मैना आणि नवरा. ह्या खेपेस हबीबशेठ स्वतः आले होते, कारण वस्तू वर काढू नये असा हुकूम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दिला होता. लहानू मुकाट्यानं वल्हवत होता. वाटेतले सगळे खडक इतिहासाशिवाय गेले.

डोहाशी गुरुजींनी खूण केली. मैनेनं मडकं काठाबाहेर धरलं. तिनं लहानूकडे पाहिलं नाही. तिला भीती होती, की पाहिलं तर डोळ्यांनी हाक जाईल… आणि हा शपथ विसरेल. आणि खाली कुठंतरी, जिथं आपलं आपल्यालाही ऐकू येत नाही, तिथं ती म्हणत होती, विसर. विसर की रे.

तिनं हात सोडले.

मडकं बुडालं नाही.

आत पाणी नव्हतं, तोंडावर कणकेचा लेप होता. झुंबरबाईंचं काम पक्कं. नवरा डुलत डुलत वर आला, नारळाचं तोंड मैनेकडे करून होडीच्या कडेला येऊन लागला आणि तिथंच टकटक करत राहिला. घरात घ्या म्हणणाऱ्या माणसासारखा.

गुरुजी म्हणाले, जरा दाबा. दाबणार कोण? सगळ्यांनी लहानूकडे पाहिलं. होडी रेटायचा बांबू त्याच्याच हातात होता.

लहानूनं बांबूचं टोक मडक्यावर ठेवलं आणि दाबलं. मडकं खाली गेलं, निसटलं आणि होडीच्या दुसऱ्या अंगाला वर आलं. त्यानं पुन्हा दाबलं. ते पुन्हा वर आलं. हबीबशेठ पुटपुटले, “या अल्ला, लय जीव हाय ह्याच्यात.” कुणी हसलं नाही. प्रसंग तसा हसण्यासारखाच होता. पण हसायची सुरुवात कुणी करायची, हे ठरत नव्हतं.

“फोडा,” शेवटी गुरुजी म्हणाले. “फोडायला शास्त्राची हरकत नाही.”

तेव्हा लहानूनं मैनेकडे पाहिलं. आता तिला बघावंच लागलं. तो काही विचारत होता, आणि विचारायला त्याच्यापाशी शब्द नव्हता, नुसता वर उचललेला बांबू होता. मैनेनं होकारार्थी मान हलवली. एवढीशी, कुणाला दिसली नसती इतकी.

एकाच घावात मडकं फुटलं. खापऱ्या फिरत फिरत तळाशी गेल्या, उपरणं काही वेळ पाण्यावर पसरून राहिलं. नारळ मात्र सुटा झाला आणि प्रवाहाला लागून तपोवनाकडे निघून गेला, बोट जिथवर जात नव्हती त्याच्याही पुढं.

मैनेच्या हातात बांगड्या होत्या, त्या गुरुजींनी उतरवायला सांगितल्या. काही वेळापुरती ती विधवा होती. झुंबरबाई तिच्याशेजारी सरकून बसल्या आणि त्यांनी तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. मैना रडली. गुरुजी खंडेरावांना म्हणाले, रडतात, शास्त्रानंही रडलेलं चांगलं असतं.

मार्गशीर्षात येवल्याला लग्न झालं. पुंजाराव चांगले निघाले. ही मोठीच अडचण होती. वाईट असते तर मैनेला त्यांचा राग तरी करता आला असता. त्या वर्षात त्यांना साधं पडसंही झालं नाही. एकदा ते विहिरीत पडले आणि लोटाभर मासे घेऊन वर आले. एकदा बैलानं मारलं, तर बैलच चार दिवस लंगडला. घरातले सगळे उठता बसता त्या मडक्याचे गुण गात. मैना पहाटे उठून नवऱ्याच्या छातीकडे बघे. ती वरखाली होत असे. मग तिला वाटे, इकडचा टळला म्हणजे तिकडचाही टळला असेल. मडकं दोघांच्या वाट्याचं मेलं असेल. नवऱ्याच्या तब्येतीवरून दुसऱ्या कुणाची खुशाली ओळखणारी बायको येवल्यात ती एकटीच असावी.

युद्ध सुरू होणार असं लोक बोलू लागले होते त्या साली, कार्तिकातच, पुंजाराव तिला मोटारीनं नाशकाला घेऊन आले. बोट बंद झालेली होती. हबीबशेठनी तिचं छत काढून ती घाटावर खांबांवर उलटी घातली होती आणि खाली चहाचं दुकान काढलं होतं. ‘हुस्नबानो’ रस्त्याकडे, ‘गोदामाई’ पाण्याकडे. पुंजाराव आंघोळ करून आले, तांब्या घासायला वाकले आणि तो त्यांच्या हातून निसटून खोल पाण्यात गेला. “राहू दे, घरी मोप आहेत,” म्हणत ते चहाला गेले.

मैना पायरीवर थांबली. तिला माहीत होतं, कुणीतरी उडी मारील.

तो वर आला, तांब्या घेऊन. केस थोडे विरळ झाले होते. त्यानं तिला ओळखलं आणि तांब्या पुढं धरला.

“तुमची वस्तू पडली व्हती.”

“पडली व्हती,” मैना म्हणाली.

ती त्याच्याकडे बघत होती, डोक्यापासून पायापर्यंत, बाजारात बैल बघतात तशी, कुठं काही कमी झालंय का. मग तिनं विचारलं, “तब्येत बरी असती ना? त्या वर्षी… काही झालं नाय ना?”

“मला काय होणार?”

मग तिनं सांगितलं. गुरुजी जेवायला आले होते ते, दाराआडून ऐकलं ते. पुन्हा मडकं काढलं असतं, तिच्याशी घर केलं असतं, तर वर्षाच्या आत… एवढ्या वर्षांत ती हे कुणाजवळही बोलली नव्हती, त्यामुळे शब्द मागंपुढं होत होते. थट्टा नव्हती, हेही तिनं सांगितलं.

लहानूनं सगळं ऐकून घेतलं. अंगावरचं पाणी पायरीवर ठिबकत होतं.

“एवढंच व्हतं?”

मैनेनं मान हलवली.

“मग सांगायचं ना त्या दिवशी,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. पलीकडच्या घाटानं उतरायला सोपं पडलं असतं, असं एखाद्याला सांगावं, तसं. “मेलो असतो.”

उलट्या होडीखालून पुंजारावांची हाक आली, चहा गार होतोय म्हणून. मैनेनं तांब्या घेतला. तो गंगेच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला होता. सांडू नये म्हणून ती हळूहळू पायऱ्या चढली आणि नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

चहा खरंच गार झाला होता. तिनं तो पिऊन टाकला.